न्यू जर्सीच्या काकांची पेटी: बेसबॉल, ग्लव्ह, तिकिटं, स्कोअरकार्ड. वडोदऱ्याच्या हवेत जपायचं कसं?

वाडीकर_वडोदरा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. काका सत्तरच्या दशकात न्यू जर्सीला गेले, तिथेच राहिले. त्यांच्या पश्चात काकूंनी त्यांची बेसबॉलची पेटी इकडे पाठवली आहे. तिच्यात आहे ते असं:

दोन पांढरे चेंडू. एकावर निळ्या बॉलपेनची सही आहे आणि शिवणीजवळ छापील अक्षरांत ली मॅकफेल आणि रॉलिंग्ज अशी नावं आहेत. दुसऱ्यावर नुसतंच ऑफिशियल लीग. एक चामडी ग्लव्ह, तळव्यावर कुणा खेळाडूचं नाव दाबलेलं. लोकरी टोपी. तिकिटांचे अर्धुकले तुकडे, त्यातले काही जाड कागदाचे तर काही गुळगुळीत पातळ कागदाचे, नि ते फिकट होत चाललेत. पेन्सिलने भरलेली स्कोअरकार्डं, ज्यांतलं आम्हाला काहीच वाचता येत नाही. शिवाय एक लाल क्रिकेटचा चेंडू, जो 'मोतीबागेचा' (वडोदऱ्यातलं क्रिकेटचं मैदान) म्हणून घरात सांगतात. त्याच्या शिवणीत पांढरी भुकटी दिसते.

विकायचं काहीच नाही. घर तळमजल्यावर आहे. आई म्हणते डांबराच्या गोळ्या घाल आणि दिवाळीच्या आधी ऊन दाखव. भाऊ म्हणतो तिकिटं लॅमिनेट कर, चेंडूवर वॉर्निश मार, दिवाणखान्यात मांड. नेमकं काय करू? आणि काकूंना काय विचारून ठेवू?

कागदी_कारभार

लॅमिनेशन नको. आधी तेवढं थांबवा, बाकीचं सावकाश बोलू.

तुरटीचं_कातडं

वाडीकर, आईंचा आणि भावाचा, दोन्ही सल्ले बाजूला ठेवा. कारण सांगतो, म्हणजे घरात वाद घालायला बरं पडेल.

बेसबॉलचं पांढरं कातडं तुरटीने कमावलेलं असतं. १९७४ पर्यंत घोड्याचं वापरत, तेव्हापासून गाईचं. क्रिकेटच्या चेंडूचं कातडंही तुरटीचंच, वरून लाल रंगवलेलं. तुरटीचं कातडं पाण्याला टिकत नाही: ओलं झालं की तुरटी धुऊन निघते आणि वाळल्यावर ते कडक होतं, आकसतं. म्हणून ओलं फडकं, साबण, व्हिनेगर, डेटॉल, सगळं वर्ज्य. खोडरबरही नको, सहीच्या आसपास तर मुळीच नको. फक्त मऊ ब्रश (मेकअपचा नवा कोरा चालतो), आणि तोही सही सोडून.

वॉर्निश आणि लाखेचा हात अमेरिकेतही पूर्वी देत असत. त्या चेंडूंकडे आज पाहिलं तर मधाच्या रंगाचे झालेले दिसतात, आणि तो थर सहीसकट निघतो. एकदा दिला की परत फिरता येत नाही.

ऊन: बॉलपेनची शाई उजेडाने उडते आणि उडालेली परत येत नाही. दिवसाला थोडा थोडा उजेडही साठत जातो. खिडकीसमोरचं शोकेस म्हणजे रोजचंच ऊन दाखवणं. भावाला मांडायचंच असेल तर चेंडूचे चारही बाजूंनी फोटो काढून चांगला प्रिंट चौकटीत लावा आणि खरा चेंडू डब्यात ठेवा. अगदी चेंडूच हवा असेल तर यूव्ही अडवणारा अॅक्रिलिकचा पारदर्शक, आतून पोकळ ठोकळा घ्या, आतल्या भिंतीवर, एलईडीच्या मंद उजेडात, सणावारी चार दिवस. ठोकळ्यात चेंडू कड्यावर बसलेला असावा. तळाला खुंट्या असलेल्या जुन्या ठोकळ्यांत कातड्याला खळगे पडतात.

डांबराच्या गोळ्या: त्यांची वाफ काही प्लास्टिकवर आणि कातड्यावर बसते, वास वर्षानुवर्षं जात नाही आणि बुरशीवर त्यांचा काही उपयोग नाही. वेखंडाची पुरचुंडी चालेल, पण वस्तूला टेकता कामा नये. कडुनिंबाचा पाला ओला असताना कधीही नको, त्यानेच ओल येते आणि डाग पडतात.

आता मुख्य शत्रू, म्हणजे आपला पावसाळा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशीला वाव मिळतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये वडोदऱ्यात ती ८० च्या पुढे सहज जाते. मे महिन्यात उलट टोक, कोरडं ठाक. कातड्याला दोन्ही टोकांपेक्षा त्यांच्यातली ही ये-जा जास्त बाधते. लक्ष्य ठेवा ४५ ते ५५ टक्के.

पॉलिप्रॉपिलीनचा, रबरी कड असलेला हवाबंद डबा घ्या. तळाला त्रिकोणात ५ असतं. ३ असेल तर तो पीव्हीसी, तो नको, त्यातून निघणारं रसायन शाई आणि कातडं दोन्ही चिकट करतं. दहा लिटरच्या डब्याला १०० ते १५० ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे), कापडी पिशवीत. नारिंगी रंगाची घ्या. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते घरात कशाला? रंग बदलला की ताटात पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास भाजा, गार झाल्यावर परत घाला. जेल भरपूर घालून निर्धास्त होऊ नका: भट्टीतून आलेलं जेल छोट्या डब्याला २० टक्क्यांपर्यंत सुकवतं आणि मग कातडं आकसून शिवण ताणते. म्हणून डब्यात छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र, हवाच. ४० च्या खाली गेलं की अर्धं जेल काढायचं.

ते यंत्र स्वस्त असतं आणि बहुधा चुकीचं दाखवतं. त्याची परीक्षा अशी घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा (विरघळवायचं नाही), यंत्रासोबत झिपच्या पिशवीत आठ-दहा तास बंद ठेवा. ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर नेहमी पाच मिळवून वाचा आणि तसं मागे चिठ्ठीवर लिहून ठेवा.

तळमजला म्हणालात म्हणून: २०१९ आणि २०२४ च्या पुरांत विश्वामित्री नदी कुठवर आली ते तुम्हाला सांगायला नको. पेटी कपाटाच्या खालच्या कप्प्यात नाही आणि माळ्यावरही नाही (तिथे उन्हाळ्यात भट्टी होते). आतल्या भिंतीला टेकलेल्या कपाटात, छातीच्या उंचीला.

शिवण_१०८_इंदूर

चेंडूवरच्या छापील नावाबद्दल कुणी बोललं नाही. ते खेळाडूचं नाव नाही. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या दोन लीग, अमेरिकन आणि नॅशनल; ली मॅकफेल हे अमेरिकन लीगचे अध्यक्ष, १९७४ ते १९८३. लीगच्या प्रत्येक अधिकृत चेंडूवर अध्यक्षाची सही छापलेली असे आणि तिलाच खेळाडूची सही समजून हुरळणारे पुष्कळ भेटतात. त्या छापावरून चेंडूचं वय मात्र छान कळतं. अमेरिकन लीग: मॅकफेल, मग बॉबी ब्राउन १९८४ ते १९९४, मग जीन बुडिग १९९९ पर्यंत. नॅशनल लीग: चब फीनी १९७० ते १९८६, बार्ट जियामाटी १९८९ पर्यंत, बिल व्हाइट १९९४ पर्यंत, लेनर्ड कोलमन १९९९ पर्यंत. २००० पासून दोन्ही लीगसाठी एकच चेंडू, त्यावर कमिशनरचं, म्हणजे सगळ्या मेजर लीगच्या प्रमुखाचं नाव.

आता दुसरा धागा. रॉलिंग्ज कंपनी या चेंडूंची अधिकृत पुरवठादार झाली १९७७ मध्ये, त्याआधी काम स्पॉल्डिंगकडे होतं. मॅकफेल आणि रॉलिंग्ज एकत्र असतील तर चेंडू १९७७ ते १९८३ मधला. काका तेव्हा तिथे होते की नाही ते काकूंना ठाऊक असेलच. दुसरा, नुसता ऑफिशियल लीग लिहिलेला, दुकानात मिळणारा साधा चेंडू आहे. त्याची आठवण कमी मोलाची असं मी म्हणत नाही, पण तो मोठ्या सामन्यातून आला असं कुणी सांगितलं तर मानू नका.

शिवण मोजून पाहा: १०८ दुहेरी टाके, लाल मेणकट सुती दोरा. घेर ९ ते सव्वानऊ इंच, वजन ५ ते सव्वापाच औंस, म्हणजे साधारण १४२ ते १४९ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर चेंडू याहून बराच हलका भरला तर तो शोभेचा किंवा मुलांच्या सरावाचा.

सही खरी की छापील ते घरी तपासायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरे. छपाईत ठिपके दिसतात किंवा कडा एकसारख्या गुळगुळीत. रबरी शिक्क्यात शाई रेषेच्या काठाला साचते. खऱ्या बॉलपेनने कातड्यात बारीक खोलगट चर पडतो आणि दोन रेषा एकमेकींवरून जातात तिथे कुठली वर ते दिसतं. बॅटरी आडवी धरून फोटो काढा, चर उठून दिसेल. याने सही पेनने केलेली आहे एवढंच कळतं. कुणी केली ते नाही: संघाच्या खोलीतली पोरं खेळाडूंच्या नावाने सह्या ठोकत, हे तिकडे सर्वश्रुत आहे. विकायचं नाही म्हणता, तर परदेशी परीक्षकाकडे चेंडू पाठवण्याचा खर्च आणि टपालातली जोखीम कशासाठी? चमकणारा होलोग्राम आणि नंबर शोधत बसू नका, वस्तू अस्सल असल्याची खूण लावायची मेजर लीगची ती योजना २००१ पासूनची आहे.

ग्लव्हवर दाबलेलं नाव ही कंपनीची जाहिरात असते, आपल्याकडे बॅटवर छापील सही असते तशीच. ग्लव्हला खोबरेल लावू नका, बुटाचं पॉलिशही नको. तेल खवट होतं, कातडं काळवंडतं आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं. वाद्या कडक झाल्या असतील तर ओढू नका, सोडवू नका. धुतलेल्या, न रंगवलेल्या मलमलीचा गोळा खोबणीत हलकेच भरून ठेवा, म्हणजे आकार राहील.

मोतीबागेच्या चेंडूबद्दल एक खडा टाकतो. वडोदऱ्यातला प्रत्येक जुना चेंडू मार्च १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यातला असतो, असा माझा अनुभव आहे. तो सामना आमच्या होळकर संघाविरुद्ध, विजय हजारे २८८, गुल मोहम्मद ३१९, भागीदारी ५७७, बडोद्याचा डाव ७८४. आम्हा इंदूरकरांना तो विसरता येत नाही हे वेगळं. ७८४ धावांत एका चेंडूवर भागलं नसणार, तेव्हा दोन-तीन घरी खरे असू शकतील, वीस घरी नाही. काका जर सत्तरच्या दशकात अमेरिकेला गेले तर त्यांना हा चेंडू कुणी दिला, कोणत्या वर्षी, हे आधी विचारा.

कागदी_कारभार

लॅमिनेशन का नको: गरम गोंद कागदाच्या धाग्यांत शिरतो, पुन्हा वेगळा होत नाही, आणि कडेने ओल शिरली की आतला कागद पिवळा पडतो. पण तुमच्या पेटीत त्याहून तातडीचं एक कारण आहे. ती गुळगुळीत पातळ तिकिटं थर्मल कागदाची असणार. दुकानाचं बिल जसं फिकं पडतं तशीच ती पडतात, आणि उष्णता लागली की उलट काळी होतात. लॅमिनेटरमधून काढलंत तर हातात काळा तुकडा येईल.

म्हणून बाकी सगळं सोडून आज थर्मल तिकिटं स्कॅन करा. ६०० डीपीआय, रंगीत, टिफ फाइल, पुढून आणि मागून. अक्षर अगदी फिकं असेल तर फोटो एडिटरमध्ये निळा चॅनल वेगळा काढून पाहा, बऱ्याचदा तिथे वाचता येतं. ती मूळ फाइल मात्र तशीच ठेवा, सुधारलेली दुसऱ्या नावाने. जाड कागदाच्या तिकिटांना एवढी घाई नाही.

नंतर प्रत्येक तिकीट पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात. स्टेशनरीत मिळणारी मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात. चिकट पानांचे अल्बम, सेलोटेप, स्टेपल, रबरबँड, काहीच नको. स्टेपल गंजलेली असेल तर नखाने उचकटू नका, दोन्ही पाय मागून सरळ करून पुढून काढा. फाटलेल्या कडेला घरची खळ लावायचा मोह होईल. पिठाच्या खळीला चंदेरी कीड लागते, फाटकं तसंच पाकिटात ठेवा.

ॲसिड-मुक्त कागद आणि पाकिटं कुठून आणायची ते सयाजीराव विद्यापीठाच्या म्युझियॉलॉजी विभागात विचारा. १९५२ पासून हा विषय तिथे शिकवतात, एवढा खजिना गावात असताना आपण इंटरनेटवर शोधत बसतो. बटर पेपर म्हणजे ॲसिड-मुक्त कागद नव्हे, एवढं ध्यानात ठेवा.

पुराचं पाणी शिरलंच तर: कागद ओला असताना पानं सोडवू नका. अठ्ठेचाळीस तासांत वाळवता येत नसेल तर झिपच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी थांबते आणि तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. वाळवताना टीपकागद बदलत राहा, पंखा लांबून. चेंडू आणि ग्लव्ह मात्र फ्रीझरमध्ये नाही, ते सावलीत सावकाश.

पेन्सिल_६४३

स्कोअरकार्डं हा पेटीतला सगळ्यात बोलका भाग आहे आणि सगळे चेंडूवरच अडलेत. चेंडू गप्प असतो. पेन्सिलने भरलेल्या कार्डात माणूस त्या दुपारी काय बघत होता ते एकेका फलंदाजागणिक लिहिलेलं असतं.

वाचायचं असं. मैदानातल्या प्रत्येक जागेला नंबर: १ पिचर (गोलंदाज), २ कॅचर (यष्टिरक्षकासारखा), ३ फर्स्ट बेस, ४ सेकंड बेस, ५ थर्ड बेस, ६ शॉर्टस्टॉप, ७ लेफ्ट, ८ सेंटर, ९ राइट फील्ड (बेस म्हणजे धावताना गाठायचा थांबा). आडव्या ओळीत एक फलंदाज, उभ्या रकान्यात एक डाव. चौकटीत ६-४-३ दिसलं तर शॉर्टस्टॉपने सेकंडकडे, त्याने फर्स्टकडे चेंडू दिला आणि दोघे बाद झाले. एफ आणि ८ म्हणजे सेंटर फील्डरने झेल घेतला. के म्हणजे तीन स्ट्राइकवर (फलंदाजाच्या विरुद्ध मोजल्या जाणाऱ्या चेंडूंवर) बाद, आणि तेच अक्षर उलटं लिहिलं असेल तर फलंदाजाने तिसऱ्या स्ट्राइकला बॅटच फिरवली नाही. बीबी म्हणजे चार वाइड चेंडूंवर फुकट पहिला बेस. एचआर म्हणजे होमरन, एकाच फटक्यावर सगळे बेस फिरून काढलेली धाव. छोटा चौकोनी हिरा पूर्ण भरून काळा केला असेल तर तो फलंदाज सगळे बेस फिरून होम बेसवर परतला, म्हणजे धाव झाली.

आता याचा उपयोग. समजा घरात सांगतात की काकांनी यांकीज संघाच्या रेजी जॅक्सनचे तीन होमरन एकाच सामन्यात पाहिले. तो सामना १८ ऑक्टोबर १९७७, वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगच्या अंतिम फेरीचा) सहावा, यांकी स्टेडियम, डॉजर्सविरुद्ध, यांकीज ८-४ ने जिंकले. जॅक्सनच्या ओळीत पहिल्या वेळी बीबी असायला हवं, मग चौथ्या, पाचव्या आणि आठव्या डावात एचआर, तिन्ही पहिल्याच चेंडूवर. कार्डात असं दिसलं तर सामना हाच. नाही दिसलं तर कार्ड दुसऱ्या दिवसाचं आहे. मग काकांनी टीव्हीवर पाहिलं असेल, पण चुकीचं म्हणून आठवण खोडू नका. 'घरात असं सांगतात' आणि 'कार्ड असं सांगतं' अशा दोन ओळी शेजारी शेजारी लिहा. कोणत्याही तारखेचा सामना रेट्रोशीट किंवा बेसबॉल-रेफरन्स या वेबसाइटवर फुकट तपासता येतो, डावनिहाय.

कार्डावरची पेन्सिल पुसट असेल तर गडद करू नका. ते काकांचं अक्षर राहणार नाही. स्कॅनमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवा.

काकूंना विचारण्याबद्दल. 'सामना कसा होता?' असं विचारलंत तर 'छान होता' एवढंच उत्तर येईल. वस्तू कॅमेऱ्यासमोर धरून बारीक विचारा: स्टेडियमला कसे जायचात, बसने की गाडीने? डबा घरचा की तिथलं हॉट डॉग? बाजूला कोण बसायचं? काका कार्ड भरत असताना तुम्ही काय करायचात? हा खेळ त्यांना कुणी शिकवला? सही कुठे मिळाली, पेन कुणाचा होता? तारीख विचारू नका, तारीख आपण शोधू. 'मुलं केवढी होती, कोणत्या घरात राहत होतात' असं विचारा, वर्ष आपोआप निघतं. एका वेळी पाऊण तास पुरे, एका बैठकीत दोन-तीन वस्तू.

प्रत्येक वस्तूला नंबर द्या, सुती दोऱ्याने कागदी टॅग बांधा, चिकटवू नका. चेंडूला टॅग बांधता येत नाही, तर डब्यात बाजूला ठेवा. रेकॉर्डिंगच्या फाइलचं नाव तोच नंबर. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या गावी. आणि वहीत शाईने नाही, पेन्सिलने लिहा, पुरात शाई वाहून जाते.

वाडीकर_वडोदरा

सर्वांचे आभार. थर्मल तिकिटं आज रात्रीच स्कॅन करतो. दोन गोष्टी राहिल्या: लाल चेंडूवरची पांढरी भुकटी आणि टोपी. टोपीला बारीक भोकं दिसताहेत.

तुरटीचं_कातडं

भुकटी आधी ओळखा. बॅटरी आडवी धरून भिंगातून पाहा: तंतू, केसाळपणा, कुबट वास असेल तर बुरशी. सपाट, कणीदार, वास नाही, तर चेंडूला दिलेलं मेण-चरबी वर आली आहे. शंका उरली तर शिवणीच्या एका टोकाला लांबून हेअर ड्रायरची कोमट हवा दोन-तीन सेकंद द्या. मेण विरघळून चकाकतं, बुरशी तशीच राहते. ही परीक्षा लाल चेंडूपुरतीच, सहीच्या चेंडूवर मुळीच नको.

मेण असेल तर मऊ सुती फडक्याने हलकेच पुसा आणि विसरा, ते पुन्हा येईल. बुरशी असेल तर चेंडू लगेच झिपच्या पिशवीत वेगळा करा. कोरड्या दिवशी गच्चीत सावलीत, एन-९५ मास्क लावून, ब्रशने भुकटी व्हॅक्यूमच्या तोंडाकडे लोटा, तोंडाला मलमल बांधून. घरात झटकलीत तर बाकीच्या पेटीवर बसेल. नंतर तो चेंडू महिनाभर वेगळ्या डब्यात ५० टक्क्यांवर ठेवून पाहा, भुकटी परत आली नाही तरच बाकीच्यांत.

टोपीची भोकं म्हणजे कसर. टोपी पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, नीट बंद करा, फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर गार लोकरीवर दव धरतं. आतली घामाची पट्टी चामड्याची असेल तर फ्रीझर टाळा, पांढऱ्या कागदावर ठेवून रोज ब्रश करा आणि कागदावर ताज्या कण्या पडतात का ते पाहत राहा.

शिवण_१०८_इंदूर

टोपी धुऊ नका, हे राहिलं. आणि काकूंचं उत्तर आलं की मोतीबागेच्या चेंडूचं इथे सांगा. होळकरांचा निघाला तर आम्ही हक्क सांगू.